दोन डोळ्यांचा कॅमेरा आणि आपली विहीर

"सोसायटीच्या सुरुवातीच्या काळातले फोटो असतील तर द्या," असा संपादक मंडळाचा निरोप आला, म्हणून कपाट उघडलं. कागदी फोटो थोडेच निघाले. पण बिस्किटांच्या एका डब्यात स्लाइड सापडल्या, आणि शेजारी माझा जुना जपानी कॅमेरा. आधी त्याची हकिकत सांगतो, मग त्यातल्या एका स्लाइडची.

कॅमेरा पेंटॅक्स के-१००० हा. तो काढणारी आसाही ही जपानमधली जुनी कंपनी. तिने १९५२ साली 'आसाहिफ्लेक्स' बाजारात आणला, तो जपानचा पहिला ३५ मिलिमीटर फिल्मचा एसएलआर कॅमेरा. १९५७ मध्ये 'पेंटॅक्स' हे नाव आलं. के-१००० हे मॉडेल १९७६ चं. माझे मेहुणे कुवेतला नोकरीला होते. १९८२ साली सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी तो माझ्यासाठी आणला. सोबत एक काळी चपटी पेटी आणि दुर्बिणीसारखं दिसणारं एक छोटं यंत्र होतं. ही पेटी कॅमेऱ्याला दोन डोळे देते, हे मला माहितीपुस्तक वाचल्यावर कळलं.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचं दृश्य जरा वेगळं दिसतं. मेंदू त्या दोन चित्रांचा मेळ घालतो आणि आपल्याला खोली कळते. इंग्लंडमधले चार्ल्स व्हीटस्टन यांनी हे १८३८ साली आरशांच्या यंत्रानं दाखवून दिलं. तेव्हा फोटोग्राफी अजून जाहीरही झाली नव्हती, त्यांनी हातानं काढलेली चित्रं वापरली! पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचं सुटसुटीत यंत्र केलं, आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर ते घरोघर गेलं. आपल्याकडेही फोटोग्राफी लवकर आली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नामवंत फोटोग्राफर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स रिकाल्टन या अमेरिकन माणसानं हिंदुस्थानच्या जोडचित्रांचा संच केला, त्याचा प्रवास मुंबईपासूनच सुरू होतो. आपल्या मुलांनी व्ह्यू-मास्टर पाहिला असेल. त्याच्या चकतीवर सात दृश्यांसाठी चौदा बारीक चित्रं असतात, ती याच हिशोबानं.

जोडचित्रं काढायला १९४७ साली अमेरिकेत 'स्टिरिओ रिअलिस्ट' नावाचा दोन भिंगांचा खास कॅमेरा आला. माझ्या पेटीत मात्र वेगळी युक्ती आहे. ती आपल्या नेहमीच्या भिंगाच्या आट्यांवर बसते. आत चार आरसे. बाहेरचे दोन समोर पाहतात, आतले दोन ते दृश्य मधल्या एकाच भिंगाकडे वळवतात. म्हणजे फिल्मच्या एकाच चौकटीत शेजारी शेजारी दोन उभी चित्रं उमटतात. दोन्ही एकाच क्षणी टिपलेली, त्यामुळे माणूस हलला तरी बिघडत नाही. नवा कॅमेरा घेण्याची गरज नाही, आहे त्यातच काम भागतं. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा काटकसरीचा हिशोब फार आवडला!

यात दोन अडचणी होत्या. चित्र उभं आणि अरुंद येई, त्यामुळे गंगाखेडचं गोदावरीचं पात्र त्यात मावत नसे. आणि लांबचा डोंगर सपाटच दिसे. पण देवळाचा दरवाजा, दीपमाळ, पायऱ्या यांना ही पेटी जणू मुद्दाम केलेली. रविवारी सौ.ला घेऊन मी जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला, सेलूजवळच्या वालूरला जात असे. वालूरच्या बारवेच्या पायऱ्या चक्राकार खाली उतरतात. साध्या फोटोत त्या नुसत्या रेघा वाटतात. यंत्रातून पाहिलं की पाय सांभाळावासा वाटतो.

आता त्या स्लाइडबद्दल. आपली जागा घेतली तेव्हा तिच्या ईशान्य कोपऱ्यात दगडी बांधकामाची विहीर होती. जुन्या सभासदांना आठवत असेल, पहिल्या इमारतीच्या बांधकामाचं पाणी तिनंच पुरवलं. १९९९ च्या हिवाळ्यात मी तिचे फोटो काढले, काही साधे, एक या पेटीनं.

२००४ च्या सर्वसाधारण सभेत विहीर बुजवायचा विषय आला. मुलांची भीती आणि पार्किंगची गरज, दोन्ही कारणं खरी होती. एका ज्येष्ठ सभासदानं विरोध केला. तेव्हा मी माझ्याजवळचा साधा फोटो सभेत फिरवला. त्यात काठ आणि काळसर पाणी एवढंच दिसत होतं. कुणीतरी म्हणालं, "हे तर डबकं आहे!" सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला. सेक्रेटरी म्हणून खाली सही माझी. ते यंत्र घरी डब्यात होतं, ते आणावं असं मला सुचलंच नाही.

यंदा दिवाळीत नातवाच्या हातात यंत्र दिलं, खिडकीकडे धरायला सांगितलं. पाहता पाहता तो एकदम मागे सरकला. "आजोबा, केवढी खोल आहे! पायऱ्या पार पाण्यात गेल्यात. कुठे आहे ही?" मी बोट केलं तिथे आपल्या गाड्या उभ्या असतात. त्याच्या शेजारी उन्हाळ्यात टँकर उभा राहतो.

ठराव सगळ्यांचा होता, पण सभेपुढे अपुरं चित्र मी ठेवलं, ही चूक माझी. वालूरकरांनी आपली बारव गाळ काढून पुन्हा मोकळी केली. आपल्याला विहीर उकरता येणार नाही, हे मला कळतं. पण तिन्ही इमारतींच्या गच्चीवरचं पाणी त्या कोपऱ्यात नेऊन जमिनीत मुरवता येईल. येत्या सभेत मी तसा ठराव मांडणार आहे, आणि खर्चातला पहिला वाटा माझा.

सभेच्या दिवशी यंत्र आणि स्लाइड टेबलावर ठेवीन. प्रत्येकानं एकदा दोन्ही डोळ्यांनी पाहावं, मग हात वर करावा.