तीन निवडणुका, तीन राज्ये : बेंबळीचे मत आणि १९५७ चा दुभंगलेला कौल

धाराशिव तालुक्यातील बेंबळीच्या एखाद्या मतदाराने १९५२, १९५७ आणि १९६२ या तिन्ही सार्वत्रिक निवडणुकांत मत दिले असेल, तर ते त्याने तीन निरनिराळ्या राज्यांत दिले. पहिले हैदराबाद राज्यात, दुसरे द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि तिसरे महाराष्ट्रात. घर, विहीर, शिवार होते तिथेच राहिले. सीमा तेवढ्या सरकल्या.

यांतले मधले मत इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. एकच भाषा बोलणारे प्रदेश एकाच वेळी किती वेगळा कौल देऊ शकतात, हे १९५७ साली जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसले असेल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, विदर्भ, मराठवाडा आणि जुना मुंबई प्रांत यांचे विशाल द्वैभाषिक राज्य अस्तित्वात आले. त्याआधी मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर गोळीबार झाले होते आणि शंभराहून अधिक माणसे बळी गेली होती. त्यानंतर काही महिन्यांतच मतदान झाले.

पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची अक्षरशः वाताहत झाली. पुण्यातून एस. एम. जोशी विधानसभेत आणि ना. ग. गोरे लोकसभेत गेले, दादरमधून आचार्य अत्रे निवडून आले, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील दिल्लीला पोहोचले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमध्ये थोडक्यात बचावले.

तरीही सरकार काँग्रेसचेच आले. ३९६ पैकी २३४ जागा त्या पक्षाला मिळाल्या. हे बळ आले गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्यातून. उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघातही काँग्रेसचे व्यंकटराव नळदुर्गकर विजयी झाले. संयुक्त महाराष्ट्र समितीला सत्तेपासून दूर ठेवणाऱ्यांत मराठी मतदारही होता, हे आजच्या वाचकाला पचायला जड जाते.

मग मराठवाड्याला महाराष्ट्र नको होता काय? तसा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. उत्तर शोधायचे तर दहा वर्षे मागे जावे लागते.

बेंबळीचा परिसर निजामाच्या राज्यात होता. जिल्ह्याचे नावच सातव्या निजामावरून पडलेले, आणि कारभाराची भाषा उर्दू. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होताच तिच्यावर बंदी आली. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. (लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये.) १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून शिरले, तेव्हा पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले.

या आठवणीला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे सूड उगवले गेले, त्यांची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव नोंदवले आहे.

तर, पुण्या-मुंबईत काँग्रेस म्हणजे गोळीबार करणारे सरकार होते. मराठवाड्यात बहुसंख्यांच्या मनात ती निजामाविरुद्ध लढलेली संघटना होती. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १९५७ मध्ये औरंगाबादहून काँग्रेसचेच खासदार झाले. शिवाय १ नोव्हेंबर १९५६ या तारखेचा अर्थही निराळा होता. पुण्यात तो अर्धवट न्याय वाटला, तर बेंबळीच्या बाजूला त्याच दिवशी हैदराबाद राज्य संपले आणि मराठी मुलखाशी शतकांनंतर सलग नाते जुळले. ज्याला नुकतेच पुष्कळ मिळाले, तो उरलेल्यासाठी रस्त्यावर लगेच उतरत नाही.

विदर्भाचे कारण वेगळे. तिथे स्वतंत्र विदर्भाची भावना बळकट होती, त्यामुळे समितीची मुख्य घोषणाच अनेकांना परकी वाटे.

अर्थात मराठवाडा एकरंगी कधीच नव्हता. शेतकरी कामगार पक्ष समितीत होता आणि उस्मानाबाद जिल्ह्यात भाई उद्धवराव पाटील हे त्या पक्षाचे बलदंड नेतृत्व. १९५२ च्या हैदराबाद विधानसभेतही १७५ पैकी ९३ जागा काँग्रेसला मिळाल्या असताना शेकापने दहा जागा जिंकल्या होत्या. त्याच निवडणुकीत तेलंगण कम्युनिस्टांच्या आघाडीकडे झुकला होता. म्हणजे प्रदेशागणिक फाटलेला कौल बेंबळीकरांनी मुंबई राज्यात येण्याआधीच पाहिला होता.

१९५७ चे सरकार टिकले, पण त्याच्या पायाखालची जमीन हलली. पश्चिम महाराष्ट्र आपल्या हातून कायमचा जाईल, ही धास्ती काँग्रेसश्रेष्ठींना बसली. १ मे १९६० च्या निर्णयामागे समितीच्या मोर्च्यांइतकेच हे आकडेही होते. मागणी पूर्ण झाली आणि समितीचा धागा उसवला. १९६२ मध्ये काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या.

पाच वर्षांनी नकाशा पुन्हा बिघडला. १९५७ मध्ये साताऱ्याने दिल्लीला पाठवलेले नाना पाटील १९६७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या उमेदवारीवर पुन्हा लोकसभेत गेले. या वेळी मराठवाड्यातील बीडमधून.