‘कसा वाटला?’ : मराठी चित्रपटाच्या प्रेक्षकाची साक्ष

चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कसा वाटला?’ हा. त्याचे उत्तर बहुधा एका वाक्यात संपते. ‘बरा आहे’, ‘मध्यंतरापर्यंत चांगला’, ‘पैसे वसूल’, ‘आमची आई फार रडली’. असे उत्तर देणारा मनुष्य समीक्षक नसतो आणि आपले मत कोणी टिपून ठेवील अशी त्याची अपेक्षाही नसते. साहित्याचा व कलांचा अभ्यास करणारे आपण या उत्तराकडे सहसा दुर्लक्ष करतो. फार तर त्याला ‘सामान्य अभिरुची’ असे नाव देऊन पुढे जातो. प्रस्तुत लेखात आम्हांला असे मांडायचे आहे की, मराठी चित्रपटाच्या इतिहासाचे साधन म्हणून ही उत्तरे गांभीर्याने वाचली पाहिजेत. ती न वाचल्यामुळे आपण लिहिलेल्या इतिहासात निर्माते, दिग्दर्शक, नट आणि पारितोषिके आहेत; ज्यांच्यासाठी हे सारे झाले तो प्रेक्षक मात्र जवळजवळ नाही.

प्रथम भाषेचा विचार करू. चित्रपटाविषयीचे मत मराठीत ज्या क्रियापदांनी व्यक्त होते ती लक्षात घेण्याजोगी आहेत. ‘मला चित्रपट आवडला’, ‘मला गोष्ट आवडली’, ‘मला गाणी आवडली’. क्रियापद चित्रपटाशी, गोष्टीशी, गाण्यांशी जुळते. बोलणारा ‘मला’ होऊन बाजूला राहतो. ‘वाटणे’ या क्रियापदाचीही तीच तऱ्हा. आवडणे वा वाटणे हे आपण करीत नाही, ते आपल्या बाबतीत घडते. उलट ‘परीक्षण’ या शब्दात परीक्षा आहे, परीक्षक आहे आणि गुण देण्याचा अधिकार आहे. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाचे उत्तर देणारा चित्रपटाला गुण देत नसून आपल्यावर काय गुदरले ते सांगत असतो. तो न्यायाधीशापेक्षा साक्षीदाराच्या अधिक जवळचा आहे. त्याच्या मताला पाडगावकरी चालीने ‘रसिकता’ म्हणावे की भाबडेपणा, हा वाद बाजूला ठेवूनही त्याची साक्ष नोंदवता येते.

या साक्षीला आपल्या परंपरेत प्रतिष्ठा नव्हती असेही नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयी आहे. तेथे ‘मानुषी सिद्धी’ची लक्षणे सांगताना स्मित, मोठे हसू, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार, अंगावर उभा राहणारा रोमांच, जागेवरून उठणे, वस्त्रे वा अंगठ्या नटाकडे फेकणे अशा गोष्टी गणलेल्या आहेत. शास्त्रकाराने उद्गार आणि शरीर या दोहोंची दखल घेतली. शिट्टीला आणि पडद्याकडे फेकलेल्या नाण्याला आपण जेवढे हलके लेखतो तेवढे त्याने लेखले नसते असे मानायला जागा आहे.

भारतीय चित्रपटाच्या आरंभाशीही एका प्रेक्षकाचे मतच उभे आहे. 1910-11च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत त्यांनी या अनुभवाविषयी लिहिले. पडद्यावर ख्रिस्त दिसत असता आपल्या मनापुढे राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहत होते, आणि आपण पुन्हा तिकीट काढून तोच चित्रपट पाहिला, असा त्या निवेदनाचा आशय आहे. हे परीक्षण नव्हे. त्यात छायाचित्रणाची वा अभिनयाची चिकित्सा नाही. नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाने एका प्रेक्षकाच्या मनात काय घडवले एवढेच आहे. त्यातून 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लोकांपुढे आलेला ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला. फाळक्यांच्या आजूबाजूला त्या दिवशी आणखी कितीतरी माणसे बसली असतील. लिहून ठेवणारा एकच निघाला, म्हणून आपल्याला एकाचेच मत ठाऊक आहे.

सरकारने प्रेक्षकाची चौकशी केली तेव्हा काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. 1927 साली टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटविषयक चौकशी समिती नेमण्यात आली. तिने देशभर हिंडून 353 साक्षी घेतल्या आणि लेखी उत्तरेही मागवली. साक्षीपुराव्याचे खंड छापले गेले. त्या काळाचा अभ्यास त्यांच्याशिवाय होत नाही. परंतु अशिक्षित प्रेक्षकाला काय आवडते, त्याच्यावर कोणता परिणाम होतो, या प्रश्नांची उत्तरे तेथे प्रामुख्याने अधिकारी, चित्रपटगृहांचे चालक, संपादक आणि प्रतिष्ठित नागरिक देतात. गांधीजींनी समितीला कळवले होते की आपण कधीच सिनेमाला गेलेलो नाही. तरी सिनेमाविषयीचे त्यांचे प्रतिकूल मत नोंदले गेले. रोज तिकीट काढून आत जाणाऱ्या गिरणी कामगाराला मात्र त्याचे मत विचारण्याची कोणाला फारशी गरज भासली नाही. मत असणे आणि मत नोंदले जाणे यांतील हे अंतर आमच्या विषयाच्या मुळाशी आहे.

‘संत तुकाराम’चे उदाहरण घेऊ. प्रभातचा दामले-फत्तेलाल दिग्दर्शित हा चित्रपट 1936 च्या डिसेंबरात मुंबईत लागला आणि तेथे 57 आठवडे चालला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी हटकून सापडतात. आम्हांला अधिक मोलाची वाटते ती तिसरी गोष्ट. चित्रपटातील एक अभंग शांताराम आठवले यांनी रचला होता आणि तो तुकारामांचाच आहे असे असंख्य प्रेक्षकांनी धरून चालले. पंडितांच्या दृष्टीने ही चूक. तरीही या चुकीत मराठी श्रोत्याच्या कानाविषयी मोठी माहिती साठलेली आहे. गाथा न उघडलेल्या माणसाच्या मनातही अभंगाची घडण, त्यातील लोकव्यवहारातले दाखले यांचा एक साचा पक्का होता आणि आठवल्यांची रचना त्या साच्यात बिनबोभाट बसली. ‘हा तुकोबांचाच अभंग’ हे प्रेक्षकाचे सहज मत भक्तिपरंपरेच्या स्वीकाराविषयी जे सांगते, ते चित्रपटाच्या परीक्षणांतून क्वचितच हाती लागेल.

दुसरे उदाहरण ‘श्यामची आई’चे. आचार्य अत्र्यांच्या या 1953 सालच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पुढे 2004 साली ‘श्वास’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवले, तेव्हा पन्नास वर्षांनी हा मान मराठीकडे आला असे सर्वत्र लिहिले गेले. पारितोषिकाच्या बाजूने पाहिले म्हणजे मधली पन्नास वर्षे रिकामी दिसतात. ती रिकामी नव्हती. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 साली आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे चालला. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. अडीच वर्षे जी माणसे तिकिटाच्या रांगेत उभी राहिली ती बाहेर येऊन एकमेकांशी काय बोलली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. लावणीसाठी आलेला आणि सूडाच्या कथेसाठी आलेला, पहिल्यांदा पाहणारा आणि पाचव्यांदा पाहणारा, हे सगळे आकड्यात सारखेच.

‘सोंगाड्या’ आणि ‘माहेरची साडी’ या दोन चित्रपटांपाशी हा प्रश्न टोकदार होतो. वसंत सबनिसांनी लिहिलेला आणि दादा कोंडके यांनी गाजवलेला ‘सोंगाड्या’ 1971 सालचा. विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ 1991 सालचा. दोन्हींना अमाप प्रेक्षक मिळाला. एकाला शिष्टांनी अश्लील म्हटले, दुसऱ्याला रडका. हे शेरे छापील असल्यामुळे टिकले. ‘माहेरची साडी’ पाहून डोळे पुसत बाहेर आलेल्या बायका कशासाठी रडल्या याचे उत्तर मात्र त्यांच्याच तोंडून मिळायला हवे होते. त्या पडद्यावरील लक्ष्मीसाठी रडल्या, की अंधारात तीन तास कोणी जाब विचारणार नाही म्हणून स्वतःसाठी रडून घेतले? चित्रपट भडक आहे हे मत मान्य करूनही हा प्रश्न शिल्लक राहतो. चित्रपटाचा दर्जा ठरला म्हणजे प्रेक्षकाचाही दर्जा ठरला, असे समजण्याची घाई आपल्या समीक्षेने अनेकदा केली आहे.

येथे साने गुरुजींची आठवण होते, ती ‘श्यामची आई’चे लेखक म्हणून नव्हे. गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह सिद्ध केला. पुढच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे संकलन लाखाच्या घरात नेले. दळताना सहज सुचलेल्या त्या दोन-चार ओळींना आज कोणी हीन वाङ्मय म्हणत नाही. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल यांच्याविषयी खेड्यातली बाई काय म्हणते, ते आपण ओवीतून वाचायला शिकलो. त्याच बाईने यात्रेतल्या तंबूत चित्रपट पाहून जे उद्गार काढले ते वाचण्याची तयारी आपण केली नाही, एवढाच फरक.

सहज मत म्हणजे सत्य, असा आमचा दावा नाही. ‘लंकादहन’च्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, सांगणाऱ्यागणिक ती फुगली असण्याचा संभव आहे. बाहेर पडताना दिलेले मत आणि चाळीस वर्षांनी आठवून सांगितलेले मत यांत मधले सारे आयुष्य मिसळलेले असते. विचारणारा कोण यावरही उत्तर बदलते. मास्तरांना सांगितलेले मत मित्राला सांगितलेल्या मताहून सभ्य असते. ‘सैराट’विषयी 2016 साली जे बोलले गेले त्यात ही गुंतागुंत स्पष्ट दिसते. गाण्यांवर नाचणारे आणि शेवटच्या निःशब्द दृश्यानंतर गप्प होऊन बाहेर पडणारे प्रेक्षक तेच होते. पण जातीविषयी कोणी कोणासमोर काय बोलावे याचे दडपणही त्यांच्यावर होते. ‘चांगला आहे, पण शेवट तसा नको होता’ या वाक्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या जागेप्रमाणे पार बदलतो. संहितेचे पाठभेद तपासणाऱ्या वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे काम नवे नाही. कोण बोलले, कोणाशी, केव्हा आणि कोणत्या शब्दात, एवढे चार प्रश्न प्रत्येक मतापुढे ठेवले तरी पुष्कळ हाती येईल.

1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले होते. जे वाचले ते कोणीतरी वेळेवर शोधायला निघाले म्हणून वाचले. प्रेक्षकाच्या मतांसाठी असे कोणी निघालेले नाही. ‘सांगत्ये ऐका’ पंधराव्या वर्षी पाहिलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे. मराठीच्या वर्गात दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधावे लागतात. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या वा शेजारच्या एका वृद्ध माणसाला त्याने तरुणपणी पाहिलेला एक चित्रपट विचारावा, उत्तर त्याच्याच बोलीत, दुरुस्त न करता उतरवून घ्यावे आणि ती वही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. त्यासाठी अनुदान लागत नाही. मात्र ते येत्या चार-दोन वर्षांतच करावे लागेल.