चिंचणीच्या ताम्रपटातला मोहम्मद

थोडं लांबलंय. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेले काही दिवस आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या ग्रुपांवर दोनच प्रकारचे मेसेज फिरतायत. एक म्हणतो, इस्लाम जिथे गेला तिथे तलवार घेऊनच गेला, दुसऱ्या धर्माला त्याने कधी जागाच दिली नाही. दुसरा म्हणतो, पूर्वी सगळे भाऊ-भाऊ होते, इंग्रजांनी भांडणं लावली. दोन्हीकडे अंगठे पडतात, हात जोडलेले पडतात आणि विषय संपतो. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याची कागदपत्रं काय सांगतात, हे मात्र कुणी बघत नाही. ती दोघांचीही अडचण करणारी आहेत.

डहाणू तालुक्यात चिंचणी नावाचं गाव आहे. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात गेलं, त्याआधी ठाण्यातच होतं. गेल्या शतकाच्या मध्यावर तिथे काही ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार या नामवंत अभ्यासकाने ते वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक आहे शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. भाषा संस्कृत. राजा राष्ट्रकूट, तिसरा इंद्र. आणि त्याच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार बघणारा अधिकारी कोण? ताजिक वंशाचा मधुमती. ताजिक हा त्या काळी अरबांसाठी वापरला जाणारा शब्द. मधुमती म्हणजे मोहम्मद, असं अभ्यासक सांगतात. त्याला हा प्रांत इंद्राच्या आधीच्या दुसऱ्या कृष्णाने दिला होता.

या मोहम्मदाने काय केलं, तेही तांब्यावर कोरलंय. लोकांना नदी ओलांडायला फुकट होडीची सोय केली. संजाणात अन्नछत्र घातलं, तिथे भात, कालवण आणि तूप मिळायचं. एका ब्राह्मणाने तिथे देवीची मठिका बांधली होती. तिची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि तिथल्या विद्वानांचं जेवण यांसाठी या मोहम्मदाने राजाची परवानगी घेऊन कणाडुक नावाचं गाव आणि आणखी थोडी जमीन लावून दिली. म्हणजे देवीच्या नैवेद्याची सोय मुसलमान अधिकाऱ्याने केली, आणि त्याला अधिकार देणारा राजा हिंदू. हे सगळं आपल्याकडे, पश्चिम रेल्वेच्या रुळांलगतच्या पट्ट्यात, अकराशे वर्षांपूर्वी.

आता कुणी म्हणेल, एखादा अपवाद असेल. तर पुढचं बघा.

याच्या दहाएक वर्षं आधी, हिजरी ३०४ मध्ये, अल-मसूदी हा अरब प्रवासी आणि इतिहासकार कोकण किनाऱ्यावर आला होता. सैमूर, म्हणजे आजचं चौल. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान राहताना दिसले. काही अरबस्तान-इराकातून आलेले, काही इथेच जन्मलेले. राज्य शिलाहार झंझाचं, त्याच्या डोक्यावर राष्ट्रकूट. मुसलमानांचे आपसातले वाद मिटवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. नमाज, मशीद, लग्न, वारसा हे त्यांचं त्यांनी बघायचं. कर आणि शांतता राजाची.

चिंचणीचाच आणखी एक ताम्रपट आहे १०३४ चा, शिलाहार छित्तराजाच्या काळातला. म्हणजे अंबरनाथचं शिवमंदिर पुरं होण्याच्या सव्वीस वर्षं आधीचा. संजाणच्या मठिकेला तेलाचा घाणा दान दिल्याची ती नोंद. दान जाहीर करताना नगरातल्या ज्या प्रतिष्ठितांना सांगितलंय, त्यांत अल्लिय आणि मधुमत अशी नावं येतात. अली आणि मोहम्मद, आणखी कोण! मठाच्या दिव्याला तेल कुठून येणार हे त्यांनाही माहीत असावं, इतका तो गाव त्यांचा होता.

कोकणी मुसलमान शाफई पंथाचे आणि उत्तर हिंदुस्थानातले बहुतेक हनफी, हा फरक का, याचंही उत्तर याच किनाऱ्यावर आहे. इथला इस्लाम खैबरखिंडीतून घोड्यावर बसून आला नाही. तो गलबतातून, मालासोबत आला.

पण मग सगळं गोडच होतं का? नाही. इथे दुसऱ्या मेसेजवाल्यांनी कान द्यावा.

इस्लामी विचारात परधर्मीयांबद्दल एकच एक भूमिका कधीच नव्हती. धर्मात जबरदस्ती नको, असं सांगणारी आयत कुराणाच्या दुसऱ्या सुरेत आहे. ज्यू आणि ख्रिस्ती यांना ग्रंथधारी म्हणून संरक्षण होतं, त्याला जिम्मा म्हणत. त्याबदल्यात जिझिया भरायचा. आठव्या शतकात सिंधमध्ये मोहम्मद बिन कासिमसमोर प्रश्न आला की मूर्तिपूजकांचं काय करायचं. तिथे हिंदू-बौद्धांनाही हे संरक्षण लागू झालं. पुढे हनफी पंडितांनी ते मान्य केलं, शाफई पंडितांनी मात्र ते ग्रंथधारी आणि पारशी यांच्यापुरतंच ठेवलं. म्हणजे वाद मुसलमान विद्वानांच्या आतच होता, आणि तो शतकानुशतकं चालला. पण नीट लक्षात घ्या, संरक्षण म्हणजे समान हक्क नव्हेत. जिम्मी हा खालच्या पायरीवरच होता. त्या काळात जगात बहुतेक ठिकाणी तसंच होतं, पण म्हणून ते गोड मानायचं कारण नाही.

आणि ही व्यवस्था मोडायचीसुद्धा. तेही आपल्या ठाण्यातच घडलंय.

साल १३२१. ठाणं दिल्लीच्या सुलतानाच्या अंमलाखाली. चीनला निघालेले चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक वाऱ्याने भरकटून ठाणे बंदरात उतरले. शहरात आधीपासून नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबं राहत होती, त्यांच्यापैकी एका घरी ते थांबले. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने मारलं, बायको काझीकडे गेली. काझीने साक्षीदार विचारले, तिने या पाहुण्यांचं नाव घेतलं. इथवर बघा, एक ख्रिस्ती बाई नवऱ्याविरुद्ध मुसलमान काझीकडे दाद मागते, रोजच्यासारखं कामकाज आहे. पण पाहुणे समोर आल्यावर काझीने घरगुती तंटा बाजूला सारला आणि धर्माचा वाद काढला. शेवटी त्याने विचारलं, मोहम्मद पैगंबरांबद्दल तुमचं मत काय? त्यांनी दिलेलं उत्तर अपमानकारक होतं. लोक खवळले. मलिक, म्हणजे तिथला सुभेदार, त्याने त्यांना आधी शहराबाहेर हलवलं, पण काझीच्या दबावाखाली रात्री माणसं पाठवून त्यांना मारून टाकलं.

पुढे थोड्याच काळात ओदोरिक नावाचा दुसरा फ्रान्सिस्कन ठाण्यात आला, त्यानेच ही हकीकत लिहून ठेवली. त्यात चमत्कार भरपूर आहेत, ते सोडून द्या. पण तो हेही लिहितो की दिल्लीच्या बादशहाला कळल्यावर त्याने मलिकाला पकडून आणवलं आणि देहदंड दिला, काझी पळून गेला. मारणारा मुसलमान, मारणाऱ्याला शिक्षा देणाराही मुसलमान. आणि ही नोंद करणारा, ज्याची माणसं मेली तो ख्रिस्ती. एका वाक्यात 'इस्लाम असाच' म्हणणाऱ्याने ही गोष्ट कुठल्या खान्यात टाकायची?

मला यात एक गोष्ट ठळक दिसते. संजाणात आणि चौलात लोक एकमेकांच्या धर्माच्या प्रेमात पडले होते, असं कुणी म्हटलेलं नाही. व्यवहार होता. होडी कोण चालवणार, अन्नछत्राला तांदूळ कुठून येणार, तंटा कुणापुढे न्यायचा, हे ठरलेलं होतं. १३२१ मध्ये न्याय द्यायला बसलेल्या माणसाने समोरचा तंटा सोडून श्रद्धेची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. तिथे व्यवस्था मोडली.

शिवाजी महाराजांच्या नावे प्रसिद्ध असलेलं औरंगजेबाला लिहिलेलं जिझियाविरोधी पत्र आठवा. फारसीतलं. त्यातला युक्तिवाद असा की कुराणात ईश्वराला सर्व जगाचा पालनकर्ता म्हटलंय, केवळ मुसलमानांचा नाही. शिवाय अकबर-जहांगीरांनी कुणालाही न छळता राज्य केलं, याची आठवण दिलीय. म्हणजे बादशहाला त्याच्याच धर्मग्रंथाने आणि त्याच्याच पूर्वजांनी उत्तर दिलं. परधर्माचा ग्रंथ माहीत असलेल्या दरबाराचं ते पत्र आहे. आज आपल्यातले किती जण विरोध करण्यापूर्वी समोरच्याचं एवढं वाचतात?

आता जवळ येतो. मलंगगडाचा वाद मी इथे सोडवायला बसलेलो नाही, तो कोर्टाचा विषय आहे. पण दोन गोष्टी कल्याणचं पोरगंही सांगेल. हाजी मलंगच्या दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या एका ब्राह्मण घराण्याकडे राहिली. आणि तिथला उरूस भरतो माघ पौर्णिमेला. दर्ग्याचा उरूस आणि तिथी आपल्या पंचांगाची! कुणी मत काहीही ठेवा, ही रीत आदेशाने आलेली नाही. दोन्हीकडच्या लोकांनी ती चालवली म्हणून ती टिकली.

आणि भिवंडी. ७ मे १९७० ची शिवजयंतीची मिरवणूक आणि त्यानंतरची दंगल. न्यायमूर्ती मादन आयोग. पुन्हा १९८४ ची दंगल. 'भिवंडी' म्हटलं की देशभर एकच चित्र उभं राहायचं. मग १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्या भागातले पोलीस नियमित एकत्र बसायचे. किरकोळ तंटे तिथल्या तिथे मिटायचे, अफवा तिथल्या तिथे तपासली जायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. यंत्रमागांचं तेच शहर, तीच माणसं, तेच दोन धर्म. बदललं होतं ते फक्त रोजचं बोलणं आणि कुणाकडे जायचं याची खात्री.

म्हणून मला 'सहिष्णुता' या शब्दापेक्षा ताम्रपटातला अन्नछत्राचा भात जास्त खरा वाटतो. सहिष्णुता भाषणात मावते. भात रोज शिजवावा लागतो.

आपल्या शहरांत मोहल्ला कमिट्या, शांतता समित्या आज कागदावर आहेत. सणाच्या आदल्या आठवड्यात बैठक, चहा-बिस्किट, फोटो, आणि आमच्या पेपरात तीन ओळींची बातमी. मी स्वतः अशा कितीतरी बातम्या दिल्यात. भिवंडीत ती बैठक वर्षभर चालायची, म्हणून ती उपयोगी पडली. आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाला आणि पोलीस ठाण्याला एवढंच विचारा: आमच्या भागाच्या समितीत कोण आहेत आणि मागची बैठक कधी झाली? सण नसताना झालेली एखादी सांगा.

उत्तर मिळालं तर खाली लिहा. शिव्या नकोत. मुद्दा खोडायचा असेल तर साल आणि नाव घेऊन खोडा, मी वाचतो आणि उत्तरही देतो.