चिमणी पाडणारे हात

चिमणी कुणाच्या पैशानं उभी राहिली ते पुस्तकात सापडतं. १८५४ साली कावसजी दावरनं मुंबईत पहिली कापडगिरणी काढली, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण तीच चिमणी खाली कोण आणतं, कशी आणतं, हा इतिहास कुणी लिहीत नाही. तो आपणच लिहायचा.

आपल्याकडची कताईची यंत्रं लँकेशायरची, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची. तिकडच्या गिरण्या आपल्या आधी मेल्या, म्हणून पाडापाडीही तिथं आधी. बोल्टनचा फ्रेड डिब्ना (१९३८–२००४) शिड्या बांधून चिमण्यांवर चढणारा कारागीर. दुरुस्ती करायचा, मग पाडायचं काम अंगावर आलं. ९०च्या आसपास चिमण्या पाडल्या. जमिनीवर लोळवल्या त्या दारू न लावता.

जिकडं पाडायची त्या बाजूच्या बुंध्याच्या विटा थोड्या थोड्या काढायच्या. काढल्या की लगेच लाकडी टेकू, वर पाचर ठोकून. असा निम्म्याहून जास्त बुंधा पोखरायचा. आता शेकडो टन वीट लाकडावर उभी! भोवती लाकूडफाटा, जुने टायर रचून आग लावायची. टेकू जळतात, चिमणी झुकते, आडवी होते. एखादी पाचर सैल राहिली तर माणूस बुंध्याशी असतानाच बसायची.

युक्ती जुनीच. १२१५ साली जॉन राजानं रॉचेस्टरच्या किल्ल्याखाली भुयार खणवलं, टेकू दिले, ४० डुकरांची चरबी घालून पेटवले. बुरूज पडला. राजाचं नाव आहे, डुकरांचा आकडासुद्धा आहे. भुयारात घुसलेल्यांचं काहीच नाही.

पण आडवी पाडायला चिमणीच्या उंचीहून लांब मोकळी जागा लागते. गिरणगावात ती कुठली? भिंतीला भिंत लावून चाळ. अशा जागी वर परांची बांधायची, छन्नी-हातोड्यानं थरावर थर उतरवायचा, विटा चिमणीच्या पोटात सोडायच्या, बुंध्यातनं उपसायच्या. डिब्नानंही असं केलंय. महिनोन् महिने खपायचं काम, पाय घसरला की संपलं.

१९२८च्या संपात बाबासाहेबांनी विचारलं, अस्पृश्यांना साचेखात्यात का घेत नाही? तर म्हणे धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, आमच्या थुंकीनं बाटतो. लँकेशायरातही धागा तोंडानंच ओढत. पाडलेल्या विटेला मात्र विटाळ नसतो, ती कुणीही उचलावी!

१९८२च्या संपात अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढं एकेक गिरणी बंद होत गेली, शेडी पडल्या, टॉवर आले. दादरच्या इंदू मिलची जागा स्मारकासाठी मागत आपली माणसं ६ डिसेंबर २०११ला आत शिरली. ११ ऑक्टोबर २०१५ला भूमिपूजन झालं. जुनी गिरणी पाडली गेली.

बोल्टनमध्ये २००८ साली डिब्नाचा पुतळा बसला. इंदू मिलवर हातोडा कुणी धरला? कुठल्या ठेकेदाराकडं त्यांची हजेरीवही असेल तर ती मिळवा. आपण नावं छापू.