सैनिकाचं गाणं आणि रेडिओचा हुकूम

अमेरिकेचं कंट्री संगीत युद्धाच्या बाजूचंच, असं त्याचे टीकाकार मानतात आणि बरेच चाहतेही. जुन्या गाण्यांना हे मत मानवत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, एल्टन ब्रिटनं गाजवलेल्या गाण्यात अधू पायाचा एक डोंगरी मुलगा मला सैन्यात घ्या म्हणून विनवतो. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं असताना, १९६६ साली, लोरेटा लिननं सरकारकडे नवरा परत मागणारी बायको गाण्यात उभी केली. तिला देश प्रिय आहे, पण तिच्या घरी शेवटी मृत्यूची तारच येते. तीन वर्षांनी मर्ल हॅगार्डचं 'ओकी फ्रॉम मस्कोगी' आलं आणि युद्धविरोधी तरुणांवर चिडलेल्या अमेरिकेला जणू स्वतःचं गाणं सापडलं. १९७० साली अध्यक्ष निक्सन यांनी व्हाइट हाउसमध्ये जॉनी कॅशकडे हेच गाणं मागितलं. कॅशनं ते गायलं नाही. प्रश्न विचारणाऱ्या तरुणांची बाजू घेणारं स्वतःचं गाणं गायलं. देशावरचं प्रेम आणि युद्धाबद्दलची शंका या संगीतात पूर्वीपासून एकाच अंगणात नांदत आली आहेत. त्यातलं काय ऐकू येणार, हे मात्र गायकांच्या हातात राहिलं नाही.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर हे उघड झालं. ॲलन जॅक्सनचं शोकगीत आणि टोबी कीथचं संतापगीत, दोन्ही गाजली. मग १० मार्च २००३ ला, अमेरिकेच्या इराकवरच्या हल्ल्याच्या दहा दिवस आधी, डिक्सी चिक्स या तिघींच्या कंट्री गटातल्या नॅटली मेन्सनं लंडनच्या मंचावरून सांगितलं की अध्यक्ष आपल्या टेक्ससचे आहेत याची आपल्याला लाज वाटते. त्याच सुमारास त्यांचं 'ट्रॅव्हलिन सोल्जर' कंट्री गाण्यांच्या यादीत अव्वल होतं. व्हिएतनाममध्ये पडलेल्या एका कोवळ्या सैनिकासाठी आणि त्याची वाट पाहणाऱ्या मुलीसाठी रडणारं ते गाणं काही आठवड्यांत यादीतूनच नाहीसं झालं. गाण्याचा एक शब्दही बदलला नव्हता.

यावर म्हटलं जातं की हा श्रोत्यांचाच कौल होता. मेन्सच्या विधानावरचा श्रोत्यांचा राग खरा होता, हे मान्य करायलाच हवं. आवडेनासं झालेलं गाणं बंद करण्याचा हक्क श्रोत्याला आहेच. पण क्युम्युलस या रेडिओ कंपनीनं आपल्या सगळ्या कंट्री केंद्रांवर त्यांच्या गाण्यांना महिनाभराची बंदी घातली, तिथे गावोगावचा कौल उरला कुठे? १९९६ च्या कायद्यानं एका मालकाच्या रेडिओ केंद्रांच्या संख्येवरची देशव्यापी मर्यादा उठवली होती, म्हणून एक हुकूम इतक्या गावांत पोहोचू शकला. युद्धाला पाठिंबा देणारे सिनेटर जॉन मॅकेन यांनीही जुलै २००३ च्या सुनावणीत याच मुद्द्यावर कंपनीला धारेवर धरलं. आणि हॅगार्ड, ज्याच्या गाण्यानं एकेकाळी निदर्शकांना झोडपलं होतं, तो त्या वर्षी या तिघींच्या बाजूनं उभा राहिला. २००७ साली त्यांना पाच ग्रॅमी मिळाली. कंट्री रेडिओवर त्यांची गाणी तेव्हाही क्वचितच वाजत होती.