माणूस देणगी का देतो? विद्यापीठात शिकवला जाणारा 'दातृत्वाचा अभ्यास' नेमका आहे तरी काय?

इन्स्टाग्रामवर रील बघता बघता मध्येच एक व्हिडिओ येतो. हॉस्पिटलच्या कॉटवर लहान मूल, नाकात नळी, शेजारी आई. खाली क्यूआर कोड आणि 'फक्त ३०० रुपये' असं काहीतरी. तुम्ही पैसे देता किंवा पुढे स्क्रोल करता. पण अशा व्हिडिओत मूल जवळपास नेहमी एकच असतं, हे कधी लक्षात आलंय? 'देशात अमुक लाख मुलांना हा आजार आहे' ही माहिती त्यात सहसा नसते.

हा योगायोग नाही. माणूस कशाला हळहळतो, कधी खिशात हात घालतो आणि कधी पाठ फिरवतो, यावर गेली ५० वर्षं विद्यापीठांमध्ये संशोधन चालू आहे. या विषयाला इंग्रजीत 'फिलान्थ्रॉपिक स्टडीज' म्हणतात. मराठीत दातृत्वाचा अभ्यास म्हणता येईल. यात बीए करता येतं, एमए करता येतं आणि पीएचडीही.

सात वर्षांची रोकिया

या विषयातला सगळ्यात जास्त सांगितला जाणारा प्रयोग अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात झाला. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक या तिघांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला.

प्रयोगात भाग घेणाऱ्यांकडून एक भलताच सर्व्हे भरून घेतला आणि त्याबद्दल एकेक डॉलरच्या पाच नोटा दिल्या. सोबत एका मदतसंस्थेचं पत्र होतं. यातले हवे तेवढे पैसे दान करा, नाहीतर सगळे घरी न्या. मेख होती ती पत्रात. काहींच्या पत्रात आफ्रिकेतल्या दुष्काळाची आकडेवारी होती, किती लाख लोक उपाशी आहेत वगैरे. काहींच्या पत्रात मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीचा फोटो आणि तिची गोष्ट. तिसऱ्या गटाला दोन्ही.

आकडेवारी वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. रोकियाची गोष्ट वाचणाऱ्यांनी २.३८ डॉलर, म्हणजे दुपटीहून जास्त. गंमत तिसऱ्या गटाची. गोष्टही आहे आणि आकडेही आहेत म्हटल्यावर देणगी वाढायला हवी होती. ती १.४३ डॉलरवर आली. आकड्यांनी रोकियाबद्दलची कणवही कमी केली.

याच अभ्यासातला दुसरा भाग तर जास्त अस्वस्थ करणारा आहे. काही जणांना आधीच सांगितलं गेलं की बघा, माणसं एका चेहऱ्याला जास्त देतात आणि आकड्यांना कमी. हे कळल्यावर लोक आकड्यांना जास्त देतील अशी अपेक्षा असेल, तर तसं झालं नाही. त्यांनी फक्त रोकियाला कमी दिलं.

आता दुसरी बाजू. २०१६ मध्ये अशा प्रकारच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशोब मांडला गेला, तेव्हा 'एका चेहऱ्याचा' परिणाम आहे, पण अगदी छोटा आहे, असं निघालं. २०२३ मध्ये काही संशोधकांनी मूळ प्रयोग मोठ्या संख्येच्या लोकांवर ऑनलाइन पुन्हा करून पाहिला. त्यात तो परिणाम दिसलाच नाही. म्हणजे ज्या एका प्रयोगाचा दाखला अनेक पुस्तकांत आणि भाषणांत दिला जातो, त्याचा पाया वाटतो तेवढा भक्कम नाही. दान करणाऱ्यांचं मन वाचता येतं असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

हा विषय सुरू कुठून झाला?

अमेरिकेत १९६९ मध्ये करकायदा बदलला. श्रीमंत घराणी चॅरिटेबल फाउंडेशन काढून कर वाचवतात, पण समाजाला मिळतं काय, असा प्रश्न तिथल्या संसदेत जोरात विचारला जात होता. त्याला उत्तर द्यायला कुणाकडे धड माहितीच नव्हती. मग ती गोळा करायला १९७३ मध्ये एक आयोग नेमला गेला. त्याच दशकाच्या शेवटी येल विद्यापीठात ना-नफा संस्थांवर संशोधन करणारा स्वतंत्र उपक्रम सुरू झाला.

पण या विषयाचं खरं माहेरघर म्हणजे इंडियाना विद्यापीठ. तिथे इंडियानापोलिस शहरात १९८७ मध्ये एक केंद्र सुरू झालं आणि २०१२ मध्ये त्याचं रूपांतर पूर्ण स्कूलमध्ये झालं. केवळ दातृत्व शिकवणारं ते जगातलं पहिलं स्कूल मानलं जातं. रॉबर्ट पेटन हे या विषयाच्या सुरुवातीच्या प्राध्यापकांपैकी एक. 'सार्वजनिक भल्यासाठी स्वेच्छेने केलेली कृती' ही त्यांची व्याख्या आजही वर्गात पहिल्या दिवशी सांगितली जाते. या व्याख्येत पैसा हा शब्द नाही. रक्त देणं, वेळ देणं, पुरात अडकलेल्यांसाठी भाकऱ्या पाठवणं हे सगळं त्यात बसतं.

विद्यार्थी शिकतात काय? इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, नीतिशास्त्र आणि निधी कसा उभारायचा हे तंत्र. शिवाय अमेरिकेत दरवर्षी एकूण किती दान झालं याचा अहवाल निघतो, त्याचं संशोधन याच स्कूलमध्ये होतं. २०२४ सालासाठीचा आकडा होता ५९२.५ अब्ज डॉलर, म्हणजे साधारण ५० लाख कोटी रुपये. त्यातले सुमारे दोन तृतीयांश कंपन्यांनी किंवा फाउंडेशननी नव्हे, तर जिवंत व्यक्तींनी दिले.

रक्त विकत घ्यावं का?

ब्रिटनमधले प्राध्यापक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानावर एक पुस्तक लिहिलं. ब्रिटनमध्ये रक्त फुकट दिलं जायचं, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी विकत घेतलं जायचं. टिटमस यांचं म्हणणं होतं की पैसे देऊन घेतलेलं रक्त जास्त धोकादायक असतं, कारण पैशाची गरज असलेला माणूस आपला आजार लपवतो. शिवाय देण्याची किंमत ठरली की देण्यातला आनंद जातो आणि सहज देणारेही मागे हटतात.

या पुस्तकावर बड्या अर्थशास्त्रज्ञांनी टीका केली. नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की छोटी भेटवस्तू किंवा गिफ्ट कार्ड दिलं तर रक्तदाते वाढतात आणि रक्ताचा दर्जा घसरतोच असं नाही. तरी धोरणांवर टिटमस यांच्या बाजूचा विचार टिकला. भारतात सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत बंद करायला सांगितलं आणि १ जानेवारी १९९८ पासून ती बंदी लागू झाली. आपल्याकडे 'रक्तदान' या शब्दातच दान आहे, त्यामुळे ही चर्चा कधीकाळी झाली होती हेही आता फारसं कुणाला आठवत नाही.

'माझे पैसे ऑफिसच्या भाड्यात जायला नकोत'

देणगीदारांची ही सगळ्यात सामान्य अट. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० हजार लोकांना देणगीसाठी पत्रं गेली, चार वेगवेगळ्या मजकुरांची. 'प्रशासकीय खर्च एका मोठ्या देणगीदाराने आधीच भागवला आहे, तुमचा प्रत्येक पैसा थेट कामाला जाईल' असं लिहिलेल्या पत्राला साध्या पत्राच्या जवळपास तिप्पट रक्कम मिळाली.

इथेच संस्थांची कोंडी होते. हिशोब ठेवायला माणूस लागतो, त्याला पगार लागतो. पण त्यासाठी कुणी देत नाही. भारतात परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला आणि त्या पैशातून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. कमी खर्च म्हणजे चांगली संस्था, हे गणित ऐकायला छान वाटतं. शाळेला खडू मिळाले पण शिक्षकच नाही, तर काय करायचं?

भारतात कोण कुणाला देतं?

अशोका विद्यापीठात सामाजिक प्रभाव आणि दातृत्व यांचा अभ्यास करणारं एक केंद्र आहे. भारतीय घरं दान कसं करतात याची पाहणी त्यांनी केली. ऑक्टोबर २०२० ते सप्टेंबर २०२१ या काळात घराघरातून सुमारे २३.७ हजार कोटी रुपये दिले गेले, असा त्यांचा अंदाज आहे. कंपन्यांनी २०२०-२१ मध्ये सीएसआरवर केलेला खर्च साधारण २६ हजार कोटींचा होता. बातम्या सीएसआरच्या होतात, पण तुमच्या-आमच्या घरातली रक्कम त्याच्या फार मागे नाही.

हे पैसे गेले कुठे? सुमारे ७० टक्के रक्कम धार्मिक संस्थांना, १२ टक्के रस्त्यावर मागणाऱ्यांना, ९ टक्के नातेवाईक आणि मित्रांना. धार्मिक नसलेल्या सामाजिक संस्थांच्या वाट्याला सुमारे ५ टक्के आले. घरकाम करणाऱ्यांना दिलेले ४ टक्केही यात मोजले आहेत, हे विशेष. अमेरिकी पद्धतीच्या व्याख्येत यातलं बरंच काही 'दान' म्हणून मोजलंच गेलं नसतं.

मराठीत तर प्रत्येक प्रकाराला वेगळा शब्द आहे. देवळात टाकतो ते दान, ट्रस्टला देतो ती देणगी, गणपतीला देतो ती वर्गणी, दारात आलेल्याला वाढतो ती भिक्षा. यातली वर्गणी मोठी मजेशीर. ती स्वेच्छेची आहे की नाही, हे पावतीपुस्तक घेऊन दारात कोण उभं आहे यावर ठरतं. म्हणूनच की काय, महाराष्ट्रात मंडळांना वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते.

दानाच्या भारतीय कल्पनेवरही अभ्यास झाला आहे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी बनारसमधल्या अभ्यासातून १९८६ मध्ये मांडलं की तिथे दान घेणारा फायद्यात असतोच असं नाही. देणाऱ्याचं पापही दानाबरोबर घेणाऱ्याकडे जातं, अशी समजूत आहे. दान म्हणजे घेणाऱ्याचं भलं, हे सरळ समीकरण तिथे चालत नाही.

मुंबईचे दाते आणि अफूचे पैसे

या विषयासाठी मुंबईइतकी चांगली प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरला नाव मिळालं ते प्रेमचंद रायचंद यांच्या आईचं. कापूस आणि शेअर बाजाराच्या तेजीत कमावलेल्या पैशातून त्यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी २ लाख आणि टॉवरसाठी २ लाख दिले. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला आणि तेही बुडाले, टॉवर मात्र उभा राहिला. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि त्याला त्यांच्या आईचं नाव लागलं, म्हणून ते एसएनडीटी. दुसऱ्या टोकाला तळेगावचा 'पैसा फंड'. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी की प्रत्येकाने फक्त एक पैसा द्यायचा. त्यातून १९०८ मध्ये काचेचा कारखाना उभा राहिला. क्राउडफंडिंग हा शब्द तेव्हा कुणी ऐकलाही नव्हता.

आणि सर जमशेटजी जीजीभॉय. जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट त्यांच्या पैशातून उभं राहिलं. त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशातून माहीमचा कॉजवे बांधला गेला, आणि तो टोलशिवाय सगळ्यांसाठी खुला राहिला. पण जमशेटजींच्या संपत्तीचा मोठा भाग चीनबरोबरच्या व्यापारातून आला होता, आणि त्या व्यापारात कापसाच्या जोडीला अफू होती.

आज हाच प्रश्न अमेरिकेतल्या विद्यापीठांना छळतो आहे. सॅकलर घराण्याने जगभरातल्या संग्रहालयांना आणि विद्यापीठांना भरभरून दिलं. त्यांच्या कंपनीचं ऑक्सिकॉन्टिन हे वेदनाशामक अफूसारख्याच वर्गातलं, ओपिऑइड. त्याच्या विक्रीच्या पद्धतींबद्दल कंपनीने २००७ आणि २०२० मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला. सॅकलर कुटुंबीयांनी मात्र वैयक्तिक गैरकृत्य मान्य केलेलं नाही. २०१९ मध्ये टफ्ट्स विद्यापीठाने आपल्या इमारतींवरून हे नाव काढलं, २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने दालनांवरून काढलं. पैसे परत द्यावेत की नाही, यावर अजून एकमत नाही.

स्टॅनफर्डमधले राजकीय तत्त्वज्ञ रॉब राइश यांचा प्रश्न आणखी पुढचा आहे. देणगीवर करसवलत असते, म्हणजे दात्याच्या दानात सरकारी तिजोरीचाही वाटा असतो. भारतातलं साधं उदाहरण घ्या. जुनी करप्रणाली निवडलेला, ३० टक्क्यांच्या गटातला माणूस नोंदणीकृत संस्थेला १०० रुपये देतो. बहुतेक वेळा त्यातले ५० रुपये वजावटीला पात्र ठरतात आणि त्याचा साधारण १५ रुपये कर वाचतो. ते १५ रुपये सगळ्यांचे होते. ते कुठे खर्च करायचे, हे मात्र एकट्याने ठरवलं. रक्कम १०० रुपये असेल तर कुणाची हरकत नसते. ती १०० कोटी असेल तर?

असे प्रश्न विचारणाऱ्या विभागांना पैसे कोण देतं, हेही बघायला हवं. इंडियानाच्या त्या स्कूलचं पूर्ण नाव 'लिली फॅमिली स्कूल ऑफ फिलान्थ्रॉपी' असं आहे. लिली म्हणजे एली लिली या औषध कंपनीचं घराणं. त्यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेल्या लिली एन्डोमेंटच्या अनुदानांवर हे स्कूल मोठं झालं. आपल्याकडेही मुंबईतली टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस, १९३६ मध्ये सुरू झाली ती सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून. तिथे आज समाजकार्याबरोबर कंपन्यांच्या सीएसआरचाही अभ्यास होतो.