कार्यात्मक अपचन : मानसिक घटक

दुर्बिणीच्या तपासणीत व्रण, कर्करोग वा दुसरा आजार न सापडताही दीर्घकाळ टिकणारे अपचन. जेवणानंतर पोट जड होणे, चार घासांतच ते भरणे, बेंबीच्या वरच्या भागात दुखणे किंवा जळजळणे ही याची प्रमुख लक्षणे. २०१६ च्या रोम निकषांनुसार त्रास किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला आणि गेले तीन महिने चालू असावा लागतो. आतडे आणि मेंदू यांच्यातील देवाणघेवाण बिघडल्याने होणाऱ्या विकारांत त्याची गणना होते.

मनाचा जठरावर होणारा परिणाम प्रत्यक्ष पाहिला तो अमेरिकी लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांनी. १८२२ मध्ये मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो बचावला, पण पोटावरील छिद्र कायम राहिले आणि त्यातून जठराच्या आत पाहता येऊ लागले. राग किंवा भीती यांमुळे जठराचे अस्तर कधी लाल व कोरडे, तर कधी फिके पडते, असे बोमाँट यांनी १८३३ च्या ग्रंथात नोंदवले.

निरोगी जठराचा वरचा भाग जेवताना सैल होऊन अन्नाला जागा देतो. अनेक रुग्णांत हे पुरेसे घडत नाही. काहींच्या जठरात फुगा सोडून हवा भरली, तर इतरांना जेमतेम जाणवणाऱ्या दाबालाही त्यांना दुखते. चिंतेमुळे ही संवेदनशीलता वाढते. पोटाकडे सतत लक्ष लागून राहते, खाण्याची धास्ती बसते, बाहेर जेवणे बंद होते. ऑस्ट्रेलियातील बारा वर्षांच्या एका पाठपुराव्यात (२०१२) संबंध दुहेरी दिसला : आधी चिंताग्रस्त असलेल्यांना पुढे कार्यात्मक पचनविकार जडण्याची शक्यता अधिक होती, तर मन स्वस्थ असूनही पोटाचा त्रास असलेल्यांत पुढे चिंता व नैराश्य वाढले. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर रुग्णाची बोळवण करणे अन्यायाचे आहे. त्याचे दुखणे खरे असते.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली एक औषधचाचणी याबाबत बोलकी आहे. वेदनेचे संदेश शमवणाऱ्या अमिट्रिप्टिलीन या औषधाच्या कमी मात्रेने सुमारे ५३ टक्के रुग्णांना आराम पडला, नुसत्या लुटुपुटूच्या गोळीने ४० टक्क्यांना. एस्सिटॅलोप्राम हे नैराश्य व चिंतेवर सर्रास दिले जाणारे औषध मात्र त्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. म्हणजे केवळ मनःस्थिती सुधारणे पुरेसे नाही. पोटाकडून मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेशही शमवावे लागतात.

उपचारात प्रथम हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करतात. तो आढळल्यास प्रतिजैविके देतात. आम्ल कमी करणारी औषधे उपयोगी पडतात. त्यांनी भागले नाही, तर बोधात्मक वर्तन उपचार आणि संमोहन उपचार यांचाही काही रुग्णांना लाभ होतो.

वजन घटणे, गिळताना अडणे, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा रक्तक्षय असल्यास त्रास ताणतणावाचा न मानता तातडीने डॉक्टरांकडे जावे.